‘मिस्टरांनी मला बाहेर बसवलं’: इटालियन फुटबॉलमधला ‘मिस्टर’ मराठीत कसा आणावा?

रेघोट्या
एका दिवाळी अंकासाठी विल्यम गार्बटवर लेख लिहितोय. जन्म १८८३, इंग्रज, आधी तोफखान्यात शिपाई. मग रेडिंग, वूलिच आर्सेनल आणि ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून उजव्या बगलेवर खेळला. दुखापतींनी खेळणं थांबलं आणि १९१२ मध्ये, तिशीही उलटली नव्हती तेव्हा, इटलीतल्या जेनोआ क्लबाने त्याला शिकवायला नेलं. तिथले खेळाडू त्याला ‘मिस्टर’ म्हणायला लागले, आणि आजही इटलीत फुटबॉलच्या कोचला ‘मिस्टर’च म्हणतात. कोच अस्सल इटालियन असला तरी.

मी लेखात शब्द तसाच ठेवला होता. ‘मिस्टरांनी मला बाहेर बसवलं’, ‘मिस्टर काही बोलले नाहीत, पण रागावले होते’ वगैरे. बायकोने खर्डा वाचला आणि हसत सुटली. म्हणाली, ही भिशीतली गाऱ्हाणी आहेत का? ‘प्रशिक्षक’ लिहिलं तर लेखाचा जीवच जातो. काय करू?

शुद्धमती
‘प्रशिक्षक’ने जीव जातो हे कसं काय? स्वच्छ, सर्वांना कळणारा शब्द आहे. नको असेल तर ‘मार्गदर्शक’ घ्या. मराठीत शब्द असताना परक्याने परक्याला दिलेली हाक आपण का उचलायची?

रेघोट्या
कारण ती हाक आहे! मैदानावरून कुणी ‘अहो प्रशिक्षक’ असं ओरडतं का?

तांबडी_माती
आमच्याकडं वस्ताद म्हणत्यात. विषय कट.

जुनी_वही
वस्ताद कुस्तीतले. फुटबॉलला चालेल?

तांबडी_माती
कोल्हापुरात फुटबॉलच्या संघांची नावं बघा की. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. हौदातली माती आणि शाहू स्टेडियमचं गवत, दोन्हीकडं तालीमच. मग वस्ताद का नको? आता खरं विचाराल तर फुटबॉलची पोरं ‘सर’ नाहीतर ‘कोच’ म्हणत्यात, ते सोडा.

खडीसाखर
तालीम हा शब्द ‘ताल’वरून आला असणार ना? जोर-बैठका तालात मारतात म्हणून. आमचे आजोबा तसंच सांगायचे.

जुनी_वही
आजोबांना नमस्कार, पण नाही. अरबी ‘तअलीम’, म्हणजे शिक्षण. ‘इल्म’चं भावंड. म्हणून तर नाटकाचीही तालीम असते आणि तिथे बैठका मारत नाहीत.

खडीसाखर
नाटकातही ताल असतोच. मला आजोबांचं पटतं.

साळावली
गोव्याहून लिहितो. ‘मिस्टर’ला तुम्ही एवढं परकं का मानताय? हा ‘मास्टर’चाच झिजलेला उच्चार. मास्टर लॅटिन ‘मागिस्तेर’वरून. त्याचंच पोर्तुगीजमध्ये ‘मेस्त्रे’ झालं, त्यावरून आमचा सुतार ‘मेस्त’ आणि तुमचा मेस्त्री, मिस्त्री. इटालियन ‘माएस्त्रो’ही तिथलाच. म्हणजे मिस्टर, मास्तर आणि मिस्त्री सख्खे चुलत भाऊ. तुम्ही सरळ ‘मास्तर’ लिहा. नाटक कंपनीत तालीम मास्तर होतेच.

रेघोट्या
साळावली, हे झकास. ‘मास्तरांनी मला बाहेर बसवलं.’

जुनी_वही
आता तो वर्गाबाहेर अंगठे धरून उभा दिसतोय.

शुद्धमती
मास्तर म्हटलं की शाळा, पोस्ट, नाहीतर शिंपी. त्यापेक्षा प्रशिक्षक बरा.

अर्धवेळ
मूळ माहितीबद्दलच थोडं. ‘मिस्टर’ स्पेनमध्येही म्हणतात आणि तिथे त्याचं श्रेय फ्रेड पेंटलंडला देणारे बरेच आहेत. हाही इंग्रज, हाही १८८३ चा, हाही ब्लॅकबर्नकडून खेळलेला (गार्बटच्या आधी), आणि इंग्लंडसाठी पाच सामने. निवृत्तीनंतर जर्मनीत शिकवायला गेला आणि पहिलं महायुद्ध पेटल्यावर तिथेच रुलेबेनच्या छावणीत अडकला. १९२२ मध्ये बिलबाओच्या ॲथलेटिककडे. डोक्यावर कायम गोल टोपी. मोठा सामना जिंकला की पोरं ती हिसकावून पायाखाली चिरडायची आणि हा नवी घ्यायचा. १९३० आणि १९३१, दोन्ही वर्षी लीगही जिंकली आणि चषकही. बार्सिलोनाला १२-१ हरवलं ते याच काळात. तेव्हा ‘मिस्टर’चा बाप गार्बटच, हे जरा जपून लिहा.

रेघोट्या
पेंटलंड १९२२, गार्बट १९१२. दहा वर्षं आधी. शिवाय गार्बटही पुढे ॲथलेटिकला गेलाच, १९३५-३६ ची लीग त्याने जिंकून दिली. स्पेनमध्येही त्याचाच शब्द पोचला असेल.

अर्धवेळ
तो पोचला १९३५ ला. तोवर पेंटलंड बिलबाओ सोडूनही गेला होता. आणि आधी आला म्हणून शब्दही त्याचाच, हे कसलं तर्कशास्त्र? इंग्रज मास्तर त्या काळात युरोपभर होते. कोणालाही मिस्टर म्हटलं असेल.

पो_काठचा
मी तोरीनोत राहतो. मुलगा इथल्या छोट्या क्लबात खेळतो. त्याच्या कोचचं नाव मला आजतागायत माहीत नाही, सगळे पालकसुद्धा ‘मिस्टर’ म्हणतात. पुस्तकी शब्द ‘आल्लेनातोरे’, त्यात ‘लेना’ म्हणजे दम, श्वास. खेळाडूचा दमसास वाढवणारा तो आल्लेनातोरे. टीव्हीवर तो, मैदानावर मिस्टर. दोन्ही सुखाने नांदतात. मराठीतही दोन का चालू नयेत? निवेदनात प्रशिक्षक, संवादात दुसरं काहीतरी.

खडीसाखर
कोच बाई असली तर काय म्हणतात?

शुद्धमती
पो_काठचा, तुमच्या इटलीनेच तर भाषाशुद्धी केली होती ना? ‘काल्चो’ म्हणतात, फुटबॉल नाही.

पो_काठचा
केली, आणि दंडुक्याने केली. मुसोलिनीच्या राज्यात जेनोआ हे इंग्रजी वळणाचं नाव चालेना म्हणून क्लबाचं ‘जेनोवा १८९३’ केलं. मिलानच्या इंटरनात्सिओनाले (इंटर) क्लबाची ‘अंब्रोसियाना’ झाली. गार्बट तेव्हा रोमा आणि मग नापोलीकडे होता, नापोलीला दोनदा तिसऱ्या नंबरावर नेलं. म्हणजे क्लबांच्या पाट्या बदलत होत्या आणि पाट्यांखाली इंग्रज माणूस शिकवत होता. १९४० मध्ये इटली युद्धात उतरली तेव्हा तोच शत्रू ठरला. त्याला जेनोवातून हलवून दूर गावात नजरकैदेत टाकलं. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात बायको गेली. युद्ध संपल्यावर हा माणूस परत जेनोआलाच शिकवायला आला! पाट्याही परत जुन्या झाल्या. ‘मिस्टर’ मात्र मधल्या काळातही कुठे गेला नव्हता. शुद्धीकरणाचं एवढंच सांगता येईल.

शुद्धमती
एवढंच नाही. पेनल्टीला तुम्ही ‘रिगोरे’ म्हणता, ऑफसाइडला ‘फुओरिजोको’. म्हणजे शुद्धी बरीच टिकली. आपल्याकडे सावरकरांनी महापौर आणि दिग्दर्शक दिले तेव्हाही लोक हसले होते, आज कोण हसतं? बाळ ज. पंडितांचं रेडिओवरचं समालोचन ऐकून घरोघरी पायचीत आणि त्रिफळा म्हणायला लागले. फुटबॉलला तसा माणूस मिळाला नाही म्हणून आपण कॉर्नर आणि ऑफसाइडवर अडलोय. दोष मराठीचा नाही.

तांबडी_माती
हे मात्र खरं बोललात.

जुनी_वही
अर्धंच खरं. त्रिफळा टिकला कारण तो आयुर्वेदातून माजघरात आधीच होता. क्षेत्ररक्षक लिहितात सगळे, गल्लीत मात्र ‘फिल्डिंग कर’.

हसरी_दुपार
मी फुटबॉल बघत नाही, ‘मिस्टर’ बघून आत आले. रेघोट्या, तुमच्या बायकोचं बरोबर आहे. आमच्या सोसायटीत अजूनही ‘माझे मिस्टर बँकेत आहेत’ असंच म्हणतात. नाव घ्यायचं नाही, ‘हे’ म्हणायला परक्यापुढे संकोच, ‘नवरा’ म्हणायला त्याहून जास्त. म्हणून मिस्टर. आणि तुम्ही काहीही घ्या, तिथेच येऊन पडणार. ‘मालक’ घेतलं? नवरा. ‘धनी’? नवरा. ‘साहेब’? आमच्या शेजारीण नवऱ्यालाच म्हणतात.

अर्धवेळ
इंग्लंडमध्ये कोच आणि मॅनेजर वेगळे. खेळाडू आणणं, संघ निवडणं मॅनेजरकडे. गार्बट दोन्ही करायचा. मॅनेजरला ‘कारभारी’ कसा वाटतो?

हसरी_दुपार
‘अहो कारभारी’! पुन्हा नवराच.

साळावली
😂 म्हणून सांगतो, मिस्त्री घ्या. कोणी नवऱ्याला मिस्त्री म्हणत नाही.

हसरी_दुपार
मिस्त्रीची बायको म्हणते.

रेघोट्या
मंडळी, अंक पुढच्या आठवड्यात छपाईला जातोय. मला ‘सर’ बरा वाटायला लागलाय. आचरेकरांना सगळे सरच म्हणायचे. आणि तोही इंग्रजांचाच शब्द, मिस्टरसारखा, आपण घरचा केलेला.

शुद्धमती
म्हणजे एक इंग्रजी शब्द काढून दुसरा इंग्रजी. छान.

पो_काठचा
सर ठीक आहे, पण त्यात शाळेची शिस्त येते. गार्बट पाइप पिणारा, खेळाडूंसाठी गरम पाण्याच्या शॉवरची सोय करणारा माणूस. ‘मिस्टर’मध्ये आदर आहे आणि थोडी सलगीही.

जुनी_वही
पाइप पिणारा? पाइप ओढतात.

पो_काठचा
मी मूळचा नागपूरचा. आमच्याकडे बिडी पितात.

जुनी_वही
हिंदीमुळे. प्रमाण मराठीत विडी ओढणे किंवा फुंकणे.

तांबडी_माती
ओढणं वेगळं, फुंकणं वेगळं. फुंकणाऱ्याला धूर आत घेता येत नाही.

खडीसाखर
‘पिणे’ जुनंच असणार. आजोबा हुक्का ‘पीत’. आणि बाई कोचचं कोणी सांगितलंच नाही.

शुद्धमती
हुक्का नाही, गुडगुडी. आणि ती ओढतात.