मदत हवी आहे: एक्स-१५ ची तापून काळवंडलेली धातूची छटा कशी आणायची?

एक्स-१५ हे रॉकेट विमान १/४८ मापात स्टायरीन शीटमधून बनवतोय, लांबी साधारण ३२ सेंमी. १९६७ चं पांढऱ्या लेपाचं रूप नको. एक्स-१५ मालिकेतलं पहिलं विमान हवंय, एडवर्ड्सच्या (कॅलिफोर्नियातला हवाई तळ) कोरड्या तळ्यावर उतरल्यानंतरचं. म्हणून मागच्या स्की उघड्या आहेत आणि शेपटाखालचं पातं लावलेलं नाही (ते उतरण्याआधी टाकून देत).

अडलंय ते इन्कोनेल-एक्सच्या (उष्णता सोसणारा निकेलचा मिश्रधातू) पत्र्यापाशी. चकचकीत काळ्यावर गनमेटल (गडद करडा धातूचा रंग) मारलं, तर नुसतंच काळं विमान दिसतं. निळ्या-जांभळ्या क्लिअरचे (पारदर्शक रंगाचे) पातळ हात दिले, तर थेट बुलेटचा सायलेन्सर! एअरब्रश आहे, पण बंद फ्लॅटमध्ये लॅकर (उग्र वासाच्या थिनरचे रंग) शक्य नाही. फक्त पाण्यातले ॲक्रिलिक.

पॅनेलगणिक छटा किंचितच बदलायची, तर मास्किंग (टेपने भाग झाकणं) गनमेटलच्या आधी करावं की नंतर? आणि वरून सॅटिन (अर्धवट चकाकीचं) वार्निश दिल्यास धातूची चमक मरते का?