ग्रेहाउंडच्या शर्यती इंग्लंड-आयर्लंडात कशा उभ्या राहिल्या? आपल्या पटाच्या दाणीवर कुत्री पळवता येतील का?

दाण_दारव्हा
रामराम मंडळी. शंकरपट (बैलांची शर्यत) आटोपला की आमची दाण, म्हणजे बैल पळवायची सरळ पट्टी, वर्षभर रिकामी पडते. गावातल्या पोरांनी करवानी (कॅरवान हाउंड) कुत्री पाळली आहेत, त्यांची शर्यत भरवायची असं चाललंय. त्याआधी जिथं हा खेळ मोठा झाला तिथं नेमकं काय झालं हे समजून घ्यायचं आहे. कुत्र्यांपुढे पळणारा यंत्राचा ससा कोणी काढला? सहाच कुत्री का? एवढी मोठी मैदानं बंद का पडली? आणि आपल्या सरळ दाणीवर हे जमेल का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

जुनी_मैदाने
आधी एक फरक. मैदानावरच्या शर्यतीच्या आधी तिकडे 'कोर्सिंग' होतं. मोकळ्या रानात खरा ससा सोडायचा, त्यामागे दोन ग्रेहाउंड. कोणी किती वेळा सशाला वळवलं यावर गुण मिळायचे, नुसत्या वेगावर नाही. १७७६ मध्ये स्वाफम इथं लॉर्ड ऑरफर्डने त्याचा पहिला क्लब काढला. १८३६ पासून वॉटरलू कप ही कोर्सिंगची मोठी स्पर्धा सुरू झाली. आयर्लंडचा मास्टर मॅग्रा नावाचा कुत्रा तो कप तीनदा जिंकला, १८६८, १८६९ आणि १८७१ ला. इंग्लंडमध्ये हा प्रकार शिकारबंदीच्या कायद्यामुळे २००५ साली संपला.

यंत्राचा ससा पहिल्यांदा पळाला १८७६ मध्ये, लंडनजवळ हेंडनला. ४०० यार्डांची सरळ पट्टी, जमिनीत रूळ आणि रहाटासारख्या चाकाने ओढलेला नकली ससा. ते चाललं नाही. सरळ पट्टीवर जो वेगवान तोच दरवेळी पुढे, मग बघायला उरतं काय? खरा तोडगा निघाला अमेरिकेत. ओवेन पॅट्रिक स्मिथने १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला गोल मैदानावर ससा पळवला. वळण आलं आणि खेळ बदलला, कारण वळणावर आतली जागा, धक्का, सुटण्याची चपळाई, सगळंच मोजलं जाऊ लागलं.

चार्ल्स मन या अमेरिकन माणसाने ती कल्पना इंग्लंडात आणली. ब्रिगेडियर-जनरल क्रिचली वगैरे मंडळींना सोबत घेऊन मँचेस्टरच्या बेल व्ह्यू इथं २४ जुलै १९२६ ला पहिल्या शर्यती भरवल्या. प्रेक्षक फक्त १,७००. पहिली शर्यत ४४० यार्डांची, मिस्टली नावाच्या कुत्र्याने २५ सेकंदांत मारली. वर्षाच्या आत लंडनचं व्हाइट सिटी मैदान सुरू झालं आणि १९२७ मध्येच तिथं पहिली डर्बी, म्हणजे ग्रेहाउंडची सगळ्यात मानाची शर्यत झाली, ती एंट्री बॅज या कुत्र्याने जिंकली. आयर्लंडात बेलफास्टचं सेल्टिक पार्क १८ एप्रिल १९२७ ला आणि डब्लिनचं शेलबर्न पार्क १४ मे १९२७ ला उघडलं.

पुढे लोक एवढे का लोटले? घोड्यांच्या शर्यती दिवसा आणि शहराबाहेर व्हायच्या. कुत्र्यांच्या शर्यती संध्याकाळी, विजेच्या उजेडात, गिरणी सुटल्यावर ट्रामने जाता येईल अशा जागी. सगळं गणित या वेळेचं होतं.

मिक द मिलरबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ऑफली परगण्यातल्या किली गावच्या फादर ब्रॉफी या पाद्र्याचं हे कुत्रं. १९२९ ला ५२५ यार्ड ३० सेकंदांच्या आत पळणारं ते पहिलं. १९२९ आणि १९३० ची डर्बी त्याची. १९३१ ला अंतिम शर्यतीत तेच पहिलं आलं, पण मध्येच एक कुत्रं दुसऱ्याच्या अंगावर गेल्यामुळे शर्यत रद्द झाली आणि फेरशर्यतीत ते हरलं. मेल्यावर त्याचं शरीर भुसा भरून जपलं, आजही ट्रिंगच्या संग्रहालयात उभं आहे.

पडझडीचं कारण मैदानात नाही, सट्ट्यात आहे. १९३४ च्या कायद्याने मैदानावर टोट (सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटायची सट्ट्याची पद्धत) अधिकृत झाला आणि वर्षाला शर्यतीचे १०४ दिवस ठरले. युद्धानंतर, १९४६ च्या सुमारास, गर्दी कळसाला होती. मग मे १९६१ मध्ये गल्लोगल्ली सट्ट्याची दुकानं कायदेशीर झाली. पैसे लावायला मैदानात जायची गरज उरली नाही. १९६७ पासून तर त्या दुकानांसाठीच दुपारच्या शर्यती सुरू झाल्या. रिकाम्या स्टँडखालची जमीन मात्र सोन्याच्या भावाची होती. व्हाइट सिटी १९८४ ला गेलं, वॉल्थमस्टो २००८ ला, विम्बल्डन (टेनिसचं नव्हे, कुत्र्यांचं मैदान) २०१७ ला, बेल व्ह्यू २०२० ला. आयर्लंडात सरकारने १९५८ मध्येच 'बोर्ड ना गॉन' हे मंडळ नेमलं आणि २००१ पासून घोडे-कुत्र्यांच्या निधीत कुत्र्यांना २० टक्के वाटा दिला, म्हणून तिथं हा धंदा सरकारी आधारावर जास्त टिकला.

तार_आणि_चाक
सहाचं कारण वळणात आहे. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आठ पळतात. ब्रिटन-आयर्लंडात सहाच, कारण बरीच मैदानं फुटबॉलच्या मैदानाभोवती बसवलेली, वळणं आवळ. सुटण्याच्या पिंजऱ्याच्या क्रमांकाप्रमाणे झुली ठरलेल्या: १ लाल, २ निळी, ३ पांढरी, ४ काळी, ५ नारिंगी, ६ काळे-पांढरे पट्टे. आतून पळायची सवय असलेलं कुत्रं आतल्या पिंजऱ्यात, बाहेरून पळणारं बाहेरच्या. उलट ठेवलं तर पहिल्या वळणाआधीच ती एकमेकांना आडवी जातात.

ससा रुळावर किंवा तारेवर चालतो, त्याचा वेग बुरुजावर बसलेला माणूस हाताने सांभाळतो. पुढच्या कुत्र्यापासून साधारण १० मीटर पुढे. फार पुढे गेला तर मागचं कुत्रं लक्ष सोडतं, हाताशी आला तर सगळी एका जागी गोळा होऊन आपटतात.

आता आपल्याकडचं. दोरी ओढणारं यंत्र सोपं आहे. मोटरसायकल मधल्या स्टँडवर उभी करा, मागचं टायर काढा आणि रिमवर दोरी गुंडाळू द्या. १७ इंची रिमचा घेर सुमारे १.३५ मीटर. ताशी ६० किलोमीटरसाठी चाकाचे मिनिटाला साडेसातशेच्या आसपास फेरे लागतात. दोरीचे थर चढले की घेर वाढतो, म्हणजे तेवढीच रेस धरूनही ससा शेवटी जास्त पळतो. म्हणून शेवटच्या ५० मीटरला हात सैल करा. झटक्यात बंद करू नका. आमिष म्हणून पांढऱ्या पिशव्यांचा झुबका पुरतो. यंत्राला जाळी हवीच आणि यंत्र निशाणाच्या निदान ८० मीटर पुढे हवं, नाहीतर कुत्रं सरळ रिमवर जाईल. सैल दोरीत पाय अडकला तर हाड जातं, त्यामुळे एका वेळी दोनच कुत्री सोडा.

दाण_दारव्हा
खूप आभार भाऊ. मग गोल करण्याऐवजी सरळच ठेवायची?

ढोरडॉक्टर_वर्धा
सरळच, यात दुमत नको. गोल मैदानावर कुत्री डावीकडे वळत पळतात, त्यात मागच्या उजव्या पायाच्या घोट्यातलं मधलं लहान हाड मोडतं. ग्रेहाउंडची ही ओळखीची इजा आहे. सरळ पट्टीवर तो ताण बराच कमी.

दाण तशीच वापरू नका. बैलांच्या खुरांचे खड्डे वाळले की दगडासारखे होतात, त्यात पंजा मुरगळतो. आधी पाणी द्या, वाफसा आला की वखर फिरवा, मग फळी मारा. वरची दोन इंच माती भुसभुशीत राहिली पाहिजे. मुरूम टाकू नका, पंजाची गादी सोलते. पऱ्हाटीचे खुंट आणि बाभळीचे काटे हाताने वेचा, आणि शर्यतीच्या सकाळी पुन्हा एकदा वेचा.

शर्यत पौष-माघात, सकाळी. फाल्गुनानंतर नाही. या कुत्र्याच्या अंगावर चरबी नसते, पण पळताना अंगातली उष्णता झपाट्याने चढते. पळून आलं की मान, पोट आणि जांघेवर पाणी ओता, वारा घाला, थोडं-थोडं प्यायला द्या. दारं लावलेल्या बोलेरोत ठेवू नका. धाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल, चाल डळमळीत, असं दिसलं की पाणी ओतत ओततच दवाखाना गाठा.

भरल्या पोटी पळवू नका. तिकडे शर्यतीआधी वजन करतात आणि मागच्या खेपेपेक्षा एक किलोहून जास्त फरक पडला तर कुत्रं बाद. मुद्दाम जास्त खाऊ-पाजू घालून मंद करण्याची लबाडी त्यातूनच पकडली जाते. तोंडाला हलकी जाळीही बांधतात, कारण आमिषापाशी पोचल्यावर ती एकमेकांनाच चावतात.

कायदा_यवतमाळ
एक महत्त्वाचं. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यातली महाराष्ट्राची २०१७ ची दुरुस्ती, जी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये वैध ठरवली, ती बैलांच्या शर्यतीपुरती आहे. कुत्र्यांना ती लागू नाही. पटाच्या परवानगीत कुत्र्यांची शर्यत घुसवाल तर अख्खा पट अडचणीत येईल. जिल्हा पशुसंवर्धन कार्यालय आणि तहसीलदार, दोघांकडे वेगळा लेखी अर्ज करा आणि उत्तर हातात आल्याशिवाय मंडप घालू नका. जिवंत ससा तर अजिबात नाही, तो वन्यजीव कायद्यात येतो. आणि पैसे लावणं हा जुगारच. बक्षीस ठेवायचं तर पटासारखं घड्याळावर ठेवा, सेकंद फलकावर लिहा आणि दोन्ही मालकांना दाखवा.