अनुभव धागा: वानखेडेवर सामना आणि मुंबईत एकच दिवस, कसा आखायचा?

डेक्कनचा पासवाला
आज कपाट आवरताना वानखेडेची जुनी कागदी तिकिटं सापडली, कोपरा फाडलेली. आता सगळं फोनवर आलंय, पण पुणे-नाशिक-कोल्हापूरहून येणाऱ्यांचे प्रश्न तेच आहेत. सकाळी कोणती गाडी, बॅग कुठे ठेवायची, सामना संपल्यावर घरी कसं पोचायचं. माहीतगारांनी लिहा.

पुण्यापासून सुरुवात करतो. सकाळी सिंहगड सहाच्या सुमारास, डेक्कन क्वीन सव्वासातला आणि त्यानंतर प्रगती. क्वीनने साडेदहापर्यंत सीएसएमटी. संध्याकाळी साडेसातचा वीस षटकांचा सामना असेल तर हीच बरी, कारण दिवस मिळतो आणि झोपही होते. पण आखणी परतीपासून करा, जाण्यापासून नाही. साडेसातचा सामना सव्वाअकराच्या आत क्वचित संपतो. पुण्याकडची रात्रीची सिद्धेश्वर साडेदहा-पावणेअकराच्या दरम्यान सुटते. ती पकडायची तर दहाला उठावं लागतं, म्हणजे दुसरा डाव अर्धाही झालेला नसतो. हे तिकीट काढण्याआधीच ठरवा. पूर्ण सामना बघायचा असेल तर रात्रीची बस किंवा मुक्काम.

गोदाकाठ
नाशिककरांना पंचवटी आहेच सकाळी. परतीची पंचवटी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास, ती विसरा. रात्री बारा वाजून गेल्यावर सीएसएमटीहून महानगरी सुटते, नाशिकरोडला थांबते. इथे तारखेचा घोळ होतो. सामना शनिवारी रात्री असेल तर महानगरीचं आरक्षण रविवारच्या तारखेचं लागतं. शनिवारचं काढलं तर ती गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते आणि टीसी ते तिकीट धरत नाही.

रंकाळा
गोदाकाठ अगदी बरोबर. कोल्हापूरकरांनी साडेतीनचा सामना निवडावा. महालक्ष्मी सकाळी साडेसातच्या आसपास सीएसएमटीला आणते, पूर्ण दिवस हातात. साडेतीनचा सामना साधारण साडेसातला संपतो आणि परतीची महालक्ष्मी आठनंतर लगेच आहे. बक्षीस समारंभाला थांबायचं नाही. वानखेडे ते सीएसएमटी चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात, गर्दीत जास्त. सामना लांबला तर गाडी चुकते, म्हणून रात्रीच्या बसचा पर्याय डोक्यात ठेवा.

गिरगावची लेक
पाहुण्यांनो, बॅगेचं आधी बघा. स्टेडियममध्ये बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक, हेडफोन, छत्री, लायटर, बाहेरचं खाणं काहीच सोडत नाहीत. नाणीसुद्धा काढून घेतात, सुटे पैसे आधीच संपवा. गेटवर सामान सांभाळायची सोय गृहीत धरू नका, लोक बाहेर फुटपाथवर ठेवून जातात आणि मग ते मिळत नाही. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप लागतं, चेनवाली असली तरी छोटं कुलूप हवंच, आणि लांबच्या गाडीचं तिकीट दाखवावं लागतं. चर्चगेट हे लोकलचं स्टेशन, तिथे ही सोय शोधू नका.

चिंचवडकर
ताई पॉवर बँक नाही तर तिकीट फोनवर कसं जिवंत ठेवायचं 😟

गिरगावची लेक
@चिंचवडकर दिवसभर फोटो-व्हिडिओ दुसऱ्याच्या फोनवर काढा, तिकीटवाला फोन खिशात. संग्रहालयात किंवा हॉटेलात बसाल तेव्हा चार्ज करा. तिकीट आधीच उघडून ठेवा, गेटजवळ हजारो फोन एकदम चालू असतात, नेट अडकतं. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, काही तिकिटांचा कोड अॅपमध्ये बदलत राहतो. कागदी तिकीट काउंटरवर घ्यायचं असेल तर मूळ ओळखपत्र लागतं, आणि ते काम सकाळीच उरका.

पश्चिमेचा प्रवासी
लोकलबद्दल. पुण्या-नाशिकहून येणाऱ्यांनी दादरला उतरून पश्चिम रेल्वे धरली तरी चालतं. एक्स्प्रेसचं तिकीट तिथे चालत नाही, दादर-चर्चगेटचं वेगळं काढा. मोबाइलवरचं पेपरलेस तिकीट फलाटावर उभं राहून निघत नाही, स्टेशनच्या बाहेर असतानाच काढायचं.

फास्ट गाडी मुंबई सेंट्रलनंतर थेट चर्चगेट. मरीन लाइन्सला उतरायचं असेल तर स्लोच. तुमच्या तिकिटावर स्टँड आणि गेट दोन्ही असतं. नॉर्थ स्टँडवाल्यांना मरीन लाइन्स जवळ पडतं. चुकीच्या बाजूने गेलात की पोलिसांचे अडथळे ओलांडू देत नाहीत, मैदानाला पूर्ण वळसा पडतो.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही मार्गांवर लोकल बंद किंवा वळवलेल्या. मध्य, हार्बर, पश्चिम, कुठे आणि किती ते शनिवारी जाहीर होतं. दुपारी प्रवास असेल तर तासाभराची सूट धरा.

आजीचा नातू
सत्तरीच्या आजींना न्यायचं आहे, जिने किती असतात?

पश्चिमेचा प्रवासी
@आजीचा नातू वरच्या लेव्हलचं तिकीट घेऊ नका, खालच्या लेव्हलचंच बघा. गेट उघडल्या उघडल्या आत जा, गर्दीचा रेटा सामन्याच्या आधीच्या शेवटच्या तासात येतो. आजींची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, तपासणीला सोपं जातं. निघताना शेवटची दोन षटकं सोडून निघालात तरच जिन्यात धक्के बसत नाहीत.

आजीचा नातू
खूप आभार दादा 🙏

मैदानवेडा
बाकीचे गाड्यांवर लिहितायत, मी दिवसावर लिहितो. सामन्याला आलेल्या माणसाने गेटवे आणि चौपाटीवर दिवस घालवू नये, क्रिकेटचा दिवस करावा. सगळं पायी करता येतं.

सीएसएमटीतून बाहेर पडलात की महापालिकेच्या पलीकडे आझाद मैदान. एकमेकांत घुसलेल्या बावीस खेळपट्ट्या, एका सामन्याचा सीमेजवळचा क्षेत्ररक्षक (डीप मिडविकेट) दुसऱ्याच्या यष्टीमागच्या स्लिपजवळ उभा असतो. 1988 मध्ये सचिन-कांबळीची 664 धावांची शालेय भागीदारी याच मैदानावरची. मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना. भारतातली पहिली कसोटी डिसेंबर 1933 मध्ये तिथे झाली, लाला अमरनाथांनी शतक ठोकलं. क्लब सभासदांचा आहे, पण मैदान रस्त्यावरून दिसतं. पुढे क्रॉस मैदान, मग ओव्हल. ओव्हलवर राजाबाई टॉवरकडे तोंड करून कुठल्याही सामन्याची पाच षटकं बघा, मुंबईची फलंदाजी कुठून येते ते कळतं. तिथून चर्चगेटच्या बाजूला ब्रेबॉर्न, 1937 चं. वानखेडे येईपर्यंत मुंबईतल्या कसोट्या तिथे व्हायच्या. तिकिटांच्या वाटपावरून ब्रेबॉर्नचा मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनचं बिनसलं, म्हणून असोसिएशनने अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर स्वतःचं मैदान, म्हणजे वानखेडे, बांधलं. दोन्ही एका दिवसात बघितल्याशिवाय हे किती जवळ आहे ते पटत नाही. शेवटी मरीन ड्राइव्हने उत्तरेला जा, हिंदू, इस्लाम, पारशी जिमखाने ओळीने.

नुसतं चालणं दोन तास, खेळ बघत गेलात तर चार. सकाळी अकराच्या आत सुरू करा. एप्रिल-मेमध्ये दुपारी एक ते चार उन्हात फिरू नका, त्या वेळात काळा घोड्याचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघा.

गोदाकाठ
घारापुरीचं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. बोट एका बाजूला तास घेते, वर चढण, सोमवारी लेणी बंद. सामन्याच्या दिवशी नकोच.

बनमस्का
खाण्याचं कोणीच लिहिलं नाही!! धोबी तलावला कयानी, 1904 चं, बनमस्का आणि इराणी चहा. ठाकूरद्वारला विनयची मिसळ. ब्रेबॉर्नच्या इमारतीत के. रुस्तमचं वेफर बिस्किटातलं आईस्क्रीम, पटकन खा, उन्हात हातावर येतं. सामन्याआधी पाचला पोटभर खाऊन घ्या. आत सगळं महाग, आणि ब्रेकमध्ये रांगेत उभं राहिलात तर पॉवरप्ले (डावाची पहिली सहा षटकं) गेलाच.

चिंचवडकर
रविवारी फोर्टात काय मिळतं? गाडी आणली तर पार्किंग?

बनमस्का
@चिंचवडकर रविवारी फोर्ट सामसूम. ऑफिसवाल्यांच्या जिवावर चालणारी लंच होम आणि चर्चगेटची खाऊगल्ली बरीचशी बंद. गिरगावात या, तिथे घरं आहेत म्हणून खाणं आहे.

डेक्कनचा पासवाला
गाडी वानखेडेजवळ आणूच नका. सामन्याच्या दिवशी डी रोड आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत पार्किंग बंद असतं, गाडी उचलतात. एक्स्प्रेसवेवरून अटल सेतू आणि ईस्टर्न फ्रीवेने दक्षिण मुंबईत लवकर येता (सेतूचा टोल मोटारीला एकेरी 250 रुपये, दुचाकीला परवानगी नाही), पण तो वाचलेला वेळ पार्किंग शोधण्यात जातो. नवी मुंबईत किंवा ठाण्याला स्टेशनच्या वाहनतळावर लावून लोकलने या. वाहनतळ रात्री किती वाजता बंद होतो ते लावतानाच विचारा.

पश्चिमेचा प्रवासी
सामना सुटल्यावर. वानखेडेत साधारण तेहतीस हजार माणसं, सगळी एकदम बाहेर. मेट्रो तीनचं चर्चगेट स्टेशन जवळ आहे, दिवसा फार सोयीची, पण शेवटच्या गाड्या साडेदहाच्या सुमारास. सामन्यानंतर तिच्या भरवशावर राहू नका. मरीन लाइन्सला गाडी चर्चगेटहून भरूनच येते, आत शिरता येत नाही. चर्चगेटलाच चढा. नाहीतर अर्धा तास मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून गर्दी ओसरू द्या. चर्चगेटहून शेवटची बोरिवली एकच्या सुमारास असते, घाबरायचं कारण नाही. मध्य रेल्वेचं वेळापत्रक त्याआधी संपतं, डोंबिवली-कल्याणवाल्यांनी मात्र बसायचं नाही, थेट सीएसएमटी.

पुण्याची बस दादर पूर्वेच्या आशियाड स्टँडहून. चर्चगेट-दादर लोकल, पुलावरून पूर्वेला. शिवनेरीचं आरक्षण साडेबाराच्या आधीचं करू नका, सामना लांबतोच.

रंकाळा
साडेतीनच्या सामन्याला पूर्वेकडच्या स्टँडमध्ये ऊन सरळ डोळ्यांत येतं, सूर्य समुद्राकडे उतरतो. टोपी आत नेऊ देतात, कडक काठीचा झेंडा नाही. दमटपणामुळे घाम थांबत नाही, सुती शर्ट घाला आणि आत जाण्याआधी मीठ-साखरेचं पाणी प्या.

आईची लाडकी
लहान मुलांना तिकीट लागतं का? आमचा चार वर्षांचा आहे

गिरगावची लेक
@आईची लाडकी लागतं. किती वयापासून ते तिकीट काढतानाच्या अटींत लिहिलेलं असतं, तिथेच वाचा. कडेवर घेऊन सोडतील या आशेवर येऊ नका. त्याच्या मनगटावर तुमचा फोन नंबर पेनाने लिहा, आणि कानात कापूस ठेवा, डीजे फार मोठा असतो.

बनमस्का
@मैदानवेडा ओव्हलवर शनिवारी पण सामने असतात ना? मावसभाऊ येतोय सांगलीहून

मैदानवेडा
@बनमस्का असतात, पाऊस सोडून. सकाळी साडेनऊला आणा त्याला.