'शीतरक्ताचे' की 'अनियततापी'?

भाषांतरवाली: सरडे, घोरपडी, मगरी यांच्याबद्दलचा मजकूर मराठीत आणतेय. 'कोल्ड-ब्लडेड'ला शाळेत 'शीतरक्ताचे' शिकलो, विश्वकोशात 'अनियततापी' आहे. कुठला घेऊ? आणि 'बास्किंग'ला काय म्हणायचं? 'सूर्यस्नान' लिहिलं तर मगर गोव्याला सुट्टीवर आल्यासारखी वाटते.

माळरान: ताई, 'शीतरक्ताचे' सोडाच. भर उन्हात दगडावर बसलेल्या सरड्याचं रक्त कसलं आलंय थंड! अमेरिकेच्या वाळवंटातला डेझर्ट इग्वाना हा सरडा अंगात ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असताना खुशाल हिंडतो. आपण तेवढ्यात अंथरूण धरू.

'अनियततापी' बरा, पण त्यातून तापमानाला काही धरबंदच नाही असं वाटतं. कोल्स आणि बोगर्ट या दोघा संशोधकांनी १९४४ साली वाळवंटी सरपटणाऱ्यांवर जे लिहिलं त्यात नेमकं उलटं दिसलं. ऊन-सावलीत ये-जा करून, अंग उन्हाकडे आडवं नाहीतर उभं धरून हे प्राणी आपलं तापमान बऱ्यापैकी ठरावीक राखतात. चुलीची ऊब बाहेरची, पण किती जवळ बसायचं ते यांच्या हातात. म्हणून मी 'बाह्यतापी' लिहितो.

गालापागोस बेटांवरचा समुद्री इग्वाना बघा. गार पाण्यात बुडी मारून शेवाळ खातो, कुडकुडून वर येतो आणि काळ्या लाव्हावर पोट टेकून पसरतो. तापताना त्याचं हृदय जोरात चालतं, गार होताना मंद. त्यामुळे तापतो लवकर, निवतो सावकाश.

कृष्णाकाठ: 'बास्किंग'ला 'ऊन खाणे'. आमच्याकडे सांगलीत थंडीच्या सकाळी काठावर मगर दिसली की 'ऊन खात पडलीया' असंच म्हणतात. जबडा वासून पडली तर लोकांना वाटतं चवताळलीय. तसं नसतं, तोंडाच्या आतल्या ओलाव्याची वाफ होऊन डोकं निवतं.

भाषांतरवाली: 'निवणे' घेतलाच! पण 'बाह्यतापी'त अजगर बसतो का? अंडी उबवणारी मादी स्वतः उष्णता तयार करते, असं मूळ मजकुरात आहे.

माळरान: बरोबर पकडलंत. आपल्याकडच्या अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालते आणि स्नायू आखडत-सैल करत राहते. अंग भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश गरम होतं. १९६६ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या मादीवर हे मोजून प्रसिद्ध झालंय. पण तेवढे दिवस सोडले तर अजगरही ऊन खाणाराच. शब्द तोच ठेवा, अजगराला एक वाक्य जास्त द्या.

जाता जाता: साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या रंगीत गळ्याच्या सरड्याचं शास्त्रीय नाव २०१६पासून 'सरडा सुपर्बा' आहे. त्यातलं 'सरडा' हे पहिलं नाव मराठीतूनच उचललंय, तेव्हा तिथे भाषांतराची कटकट नाही.

कृष्णाकाठ: आणि मजकुरात मगरी 'उन्हात तळपत' असतील तर तेवढं काढा. तळपतो सूर्य, नाहीतर तलवार.