आयजीआय वीस वर्षांनी परत लावला. रिकाम्या बराकीतून सैनिक तेव्हाही यायचे का?

वाइंडिंगवाला (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी थोडं पुराण ऐकावं लागेल.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, माधवनगर रस्त्याला. पावसाळ्यात शेतीपंपाची कामं थंड असतात, म्हणून भाच्याचा जुना लॅपटॉप दुकानात आणून ठेवला आणि त्यावर 'प्रोजेक्ट आयजीआय' टाकला. तोच तो, डेव्हिड जोन्स नावाच्या गुप्त सैनिकाला चालवत शत्रूच्या तळात शिरायचा गोळीबाराचा गेम. गेम आला २००० च्या डिसेंबरात, पण आमच्यापर्यंत पोचायला २००४ उजाडलं. मारुती चौकाजवळ एक कॅफे होता, तिथं मार्करनं नाव लिहिलेल्या सीडीवरून. मी नववीत.

कॅफेत सहा मशीन, आणि ग्राफिक कार्ड फक्त तीन नंबरला. तासाला पंधरा रुपये. तीन नंबर रिकामा नसला तर आम्ही बाहेर भेळ खात थांबायचो, पण चार नंबरवर बसायचो नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: या गेममध्ये १४ मिशनं आहेत. एक पुरं झालं की पुढचं उघडतं. पण मिशनच्या मध्येच सेव्ह करायची सोय नाही. अर्धा तास सरपटत गेलात, कॅमेरे बंद केलेत, फक्त शेवटचं कुंपण उरलं, आणि टॉवरवरच्या एकानं टिपलं, की पुन्हा पहिल्यापासून. आता ह्याच्या जोडीला आपलं त्या वेळचं भारनियमन धरा. कॅफेच्या काउंटरवर पेपरातलं वेळापत्रक कापून चिकटवलेलं असायचं. शाळेचं टाइमटेबल चुकायचं, ते कधी चुकलं नाही. चारला लाईट जाणार असेल तर सव्वातीननंतर नवीन मिशन चालू करायचं नाही हा नियम. आणि तरी आम्ही करायचोच.

यूपीएस होते, पण बॅटऱ्या म्हाताऱ्या. लाईट गेली की दोन-तीन मिनिटं टीं टीं करून जीव सोडायचे. त्यामुळं सांगलीत आयजीआय खेळायची एक वेगळीच पद्धत पडली होती. यूपीएस ओरडायला लागला की जोन्सचं सरपटणं बंद. दुर्बीण खाली, लपणं-छपणं गेलं खड्ड्यात, सरळ उभं राहून मिशनच्या शेवटच्या ठिकाणाकडं पळत सुटायचं. मागून सगळा तळ गोळ्या घालतोय, शेजारी दोस्त "पळ पळ पळ" करतोय, आणि कॅफेवाले काका म्हणतायत, "शटडाऊन कर रे, हार्डडिस्क जाईल." दहातून एकदा जमायचं. जमलं की ती गोष्ट आठवडाभर पुरायची.

अशा रीतीनं मी अकराव्या मिशनपर्यंत आलो. मग २००५ चा पूर आला. पाणी उतरल्यावर आठवड्यानं चौकात गेलो तर काकांनी सगळी कॅबिनेटं उघडून कट्ट्यावर वाळत घातलेली. तीन नंबरच्या फॅनमध्ये गाळ होता. माझं नाव टाकलेला खेळाडू, दहा पुरी झालेली मिशनं, सगळं त्याच्या हार्डडिस्कमध्ये. मी विचारलं, "काका, तीन नंबर चालू होईल का?" त्यांनी काही न बोलता हातात खराटा दिला. दुपारपर्यंत गाळ काढला. त्यानंतर तो कॅफे काही उघडला नाही, आणि आयजीआयचा शेवट मी आजतागायत बघितलेला नाही.

आता मुद्द्यावर येतो. परत खेळताना मला धक्के बसतायत.

सायरन वाजला की बराकीतून सैनिक येतात, ते ठीक. पण मी एकदा सगळे मारून मुद्दाम आत जाऊन बघितलं. एकच खोली, मागं दार नाही, कुणी लपेल अशी जागा नाही. बाहेर आलो, दहा पावलं चाललो, आणि त्याच खोलीतून आणखी एक बाहेर! आमच्या धंद्यात याला म्हणतात सप्लाय तोडलाय तरी मोटर फिरतीय. दुसरं म्हणजे, दोघं शेजारी उभे असताना सायलेन्सरवाल्या एमपी फाइव्ह बंदुकीनं एकाला पाडलं, तर दुसरा डोंगराकडं बघत उभा. आणि हाच इसम मी झुडपाआड असताना लांबून बरोबर ओळखतो.

पण खोटं कशाला बोलू, दुर्बीण लावून लांबचा टॉवर बघितला, त्यावर अंतराचा आकडा आला, वारा सुटला, की अजून पोटात तसंच होतं. तारेवरून घसरत जायचं तर विचारूच नका.

तर प्रश्न असे.
माझी कॉपी बिघडलेली आहे का हा गेम असाच होता?
विंडोज १० वर रंग विचित्र दिसतात आणि मधेच स्क्रीन काळी होते, त्याला काय करायचं?
आणि तिसरा, जरा लाजत विचारतोय. मिशनच्या मध्ये लॅपटॉप हायबरनेट करून, म्हणजे चालू गेम आहे तसा ठेवून मशीन झोपवून, दुसऱ्या दिवशी पुढं खेळलं तर ते चीटिंग होतं का?

हार्डवेअर_मिरज

दादा, कॉपी बरोबर आहे. गेमच तसा आहे. अलार्म झाला की कुमक येत राहते. ती कुठून येते हे गेमनं ठरवलेलंच नाही, बराकीचं दार हीच तिची आई. उपाय एकच, सायरन वाजू द्यायचा नाही. आधी कॅमेऱ्यांची सोय लावा. लहानपणी आपण सगळे उलटं करायचो, एके-४७ घेऊन दारासमोर उभे राहायचो आणि किती येतात ते मोजायचो.

रिकाम्या खोल्यांचं म्हणाल तर त्यात एक गंमत आहे. हा गेम ज्यांनी केला ती इनरलूप ही ऑस्लोची कंपनी. त्याआधी १९९७ मध्ये त्यांनी 'जॉइंट स्ट्राइक फायटर' हा विमानाचा गेम केला होता, आणि त्याच इंजिनावर आयजीआय उभा केला. विमानातून बघायची जमीन आहे ती. म्हणून त्या काळी दुसऱ्या गोळीबाराच्या गेममध्ये धुक्याची भिंत आडवी यायची तिथं इथं लांबवर डोंगर दिसतात. आणि म्हणूनच असेल, आत शिरलं की घर बांधून फर्निचर करायचं राहून गेल्यासारखं वाटतं. हे शेवटचं माझं मत, कंपनीचं नव्हे.

विंडोज १० साठी डीजीव्हूडू २ हा प्रोग्रॅम उतरवा. जुने गेम ग्राफिक कार्डाशी ज्यातून बोलायचे त्या जुन्या डायरेक्टएक्सची भाषा तो नवीन कार्डाला समजावून सांगतो. त्याच्या एमएस फोल्डरमधल्या एक्स८६ मधून डीड्रॉ आणि डी३डीइम या दोन डीएलएल फाइली गेमच्या फोल्डरात टाका, कंट्रोल पॅनलची फाइल पण तिथंच ठेवा आणि तिच्यातून रिझोल्यूशन ठरवा. सिस्टीम३२ मध्ये काही टाकू नका. नंतर मशीन माझ्याकडंच येईल.

हायबरनेट चीटिंग आहे का ते ज्येष्ठांनी ठरवावं. मी फक्त एवढं सांगतो, की इतके जुने गेम झोपेतून नीट उठतीलच असं नाही. ग्राफिक कार्ड मधेच जाऊन परत आलं की त्यांना वेड लागतं. भरवसा ठेवू नका.

कराडचा_पाहुणा

कुणीतरी वाईटपणा घ्यायला पाहिजे म्हणून घेतो. हा गेम तेव्हाही अर्धाकच्चाच होता. १९९८ च्या 'हाफ-लाइफ' मध्ये कुठंही, कधीही सेव्ह करता यायचं. दोन वर्षांनी आलेल्या गेममध्ये ते नाही, आणि आपण त्याला थरार म्हणतोय. २००३ च्या दुसऱ्या भागात त्यांनी स्वतःच मिशनच्या मध्ये मोजकी सेव्ह दिली. म्हणजे चूक त्यांनाही कळली होती.

आपल्याला आवडला कारण त्या सीडीवर तो होता आणि दुसरं काही नव्हतं. उपाशी माणसाला शिळी भाकरी पण गोड.

वाइंडिंगवाला

पाहुणे, शिळ्या भाकरीचा काला करून वर फोडणी दिली की काय होतं ते कराडकरांना मी सांगायला नको. पण दुसऱ्या भागाचं म्हणालात ते खरं. तो मी नंतर एका मित्राकडं खेळलो. सेव्ह होतं, पण तो मी तीन दिवसांत विसरलो. असं का झालं ते मला नीट सांगता येत नाही.

हार्डवेअर दादा, फाइली टाकतो आज रात्री.

नकाशावाली

मी विश्रामबागची, आता पुण्यात. कॅफेत मुली जायच्या नाहीत, म्हणजे कुणी अडवत नव्हतं, पण जायच्या नाहीत. आमच्या घरी कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर दादाची मालकी. मला माउस मिळायचा तो फक्त तो जेवायला उठला की. म्हणून मी शेजारी स्टुलावर बसून वही घेतली. दोनशे पानी, मागून उघडायची, कारण पुढून भूगोल होता.

त्या वहीत प्रत्येक मिशनचा नकाशा आहे. गेममध्ये उपग्रहाचा नकाशा असतोच, पण तो उघडून बघेपर्यंत जोन्स मरतो. मी टॉवरना त्रिकोण, कॅमेऱ्याला डोळा, जखमा भरून काढणारं इंजेक्शन जिथं सापडतं तिथं अधिकचं चिन्ह काढायचे. चार-पाच वेळा मिशन बघितल्यावर मला कळलं की सुरुवातीला प्रत्येक सैनिक दर वेळी त्याच जागी उभा असतो आणि त्याच वाटेनं फिरतो. मग मी सेकंद मोजायला लागले. "आता वळेल. आता पाठ करेल. जा." दादा ऐकायचा. एरवी तो माझं काहीही ऐकत नव्हता.

सेव्ह असतं तर कुणी हे पाठ केलं असतं का? एकदा कसंबसं पार झालं की पुढं गेलो असतो. कराडचे म्हणतात ते पटतं, गेममध्ये चुका ढीगभर आहेत. बराकीजवळ मी वहीत लिहून ठेवलंय, "इथून कितीही येतात, जाऊ नये." पण ट्रेनयार्ड हे मिशन मला आजही आमच्या वाड्यासारखं पाठ आहे.

आता तिसऱ्या प्रश्नाबद्दल. वाइंडिंगवाले दादा, तुमची यूपीएसची गोष्ट वाचून मला अपराधी वाटतंय. आमच्याकडे इन्व्हर्टर होता. बाबांनी तो आजीच्या पंख्यासाठी घेतला होता आणि दादानं हळूच कॉम्प्युटर त्याच्यावर जोडला. लाईट गेली की आम्ही पंखा बंद करायचो म्हणजे बॅटरी जास्त चालेल. आजी पदरानं वारा घेत बसायची आणि विचारायची, "मेला का रे तो माणूस?" आम्ही चौदाही मिशनं अशी पुरी केली. चीटिंग म्हणायचं तर हे. तुमचं हायबरनेट त्याच्यापुढं काहीच नाही, खुशाल करा.

अकराव्याचा नकाशा पाहिजे असेल तर वहीच्या पानाचा फोटो टाकते. शेवट मात्र सांगणार नाही.

हार्डवेअर_मिरज

ताई, फोटो टाकाच. आणि आजींना आमचा नमस्कार.

नकाशावाली

आजी आता नाहीत. पण वही आहे. शनिवारी सांगलीला येतेय, माळ्यावरून काढते.

कराडचा_पाहुणा

पंख्याची गोष्ट वाचून गप्प बसतो. गेम कच्चा आहे हे मत कायम.

वाइंडिंगवाला

मंडळी, खबर देतो.

हार्डवेअर दादांच्या फाइली टाकल्या, रंग सरळ झाले, स्क्रीन काळी होणं थांबलं. तुमची एक मोटर फुकट भरून देईन, कधीही आणा. दहा मिशनं महिनाभरात पुरी केली. सायरन न वाजवता खेळलं की बराकीतलं कुणी येत नाही हे खरं निघालं. सगळा तळ नुसता शांत. मला ते जरा विचित्रच वाटलं, एवढ्या लोकांशी ओळख होती ती संपल्यासारखं. तारेवरून घसरायला अजून मजा येते, उगाच दोनदा घसरलो आणि दुसऱ्यांदा मेलो.

ताईंचा नकाशा प्रिंट काढून व्होल्टमीटरच्या वर चिकटवला. बराकीजवळच्या "जाऊ नये" वर दोन रेघा ओढलेल्या आहेत.

काल संध्याकाळी अकरावं चालू केलं. पाऊस धरला होता, गिऱ्हाईक नव्हतं, शटर अर्धं खाली. ताईंच्या पेन्सिलीप्रमाणं एक एक त्रिकोण मागं टाकत निम्म्याच्या पुढं आलो, आयुष्यात पहिल्यांदाच. सायरन नाही, काही नाही. आणि धाड करून लाईट गेली. दुकानात अंधार, पंखा थांबला.

लॅपटॉप चालूच होता हो. बॅटरीवर. अजून चाळीस मिनिटं दाखवत होता. पण हे डोक्यात यायच्या आधी हातांनी जोन्सला उभं केलं आणि पळवत सुटलो, सरळ, उघड्या मैदानातून, कुणीतरी मागं टीं टीं करतंय अशा वेगानं. टॉवरवरच्यानं दोन गोळ्यांत झोपवला.

शेजारच्या टायरवाल्यानं विचारलं, "काय झालं, एवढं हसायला?" त्याला काय सांगणार.

आज परत अकरावं, पहिल्यापासून. हायबरनेट न करता. ताई, तिसऱ्या टॉवरच्या खाली वहीत जे बारीक लिहिलंय ते "वळतो" आहे का "वळत नाही"? प्रिंटमध्ये पुसट आलंय.