टोकियोचं इंपीरियल हॉटेल पाडलं ते बरोबरच झालं (आणि आमच्या घराचंही तेच व्हावं)

पावसचा_मी
गणपतीत भावकी जमली की आरतीनंतर विषय एकच: आजोबांचं चिऱ्याचं घर ठेवायचं की पाडायचं. यंदा आर्किटेक्चर शिकणाऱ्या पुतण्याने मोबाईलवर टोकियोच्या जुन्या इंपीरियल हॉटेलचे फोटो फिरवले. म्हणाला, "काका, जपानने हे पाडलं आणि जग अजून हळहळतंय." सगळे गप्प. मी मात्र दोन रात्री जागून त्या हॉटेलबद्दल वाचलं आणि माझं मत उलटं झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टोकियोच्या राजवाड्याजवळ १८९० पासून हे हॉटेल होतं. त्याची नवी इमारत फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुकाराने काढली. उद्घाटनाचा दिवस ठरला १ सप्टेंबर १९२३, आणि त्याच दुपारी बाराला दोन मिनिटं असताना कांतोचा महाभूकंप झाला. शहर जळालं, हॉटेल उभं राहिलं. हॉटेलला धक्काही लागला नाही अशी तार राइटला गेली आणि त्या तारेवर दंतकथा पोसली. धक्का लागला होता. मधला भाग बसला, काही मजल्यांची जमीन फुगली. आणि टोकियोत टिकलेली ती एकटीच इमारत नव्हती.

खरी गंमत इमारतीच्या पायात आहे. वर आठेक फूट माती, खाली साठ-सत्तर फूट चिखल. राइटने खोल न जाता आखूड खांब ठोकले, इमारत चिखलावर तराफ्यासारखी तरंगेल म्हणून. ती तरंगली, पण पुढची चाळीसेक वर्षं इथे कमी, तिथे जास्त अशी बसतही गेली. खाजणात भर टाकून घर बांधलेल्या कुणालाही विचारा, दारं कशी लागेनाशी होतात ते.

१९६७ च्या नोव्हेंबरात हॉटेल बंद झालं, ६८ मध्ये पाडलं, १९७० ला तिथे सतरा मजली इमारत उभी राहिली. धंदा होता, धंद्यासारखा चालवला. आमचं घर अकरा महिने कुलपात. आढ्याला वाळवी, पडवीचे वासे हाताने चुरतात. रडायचं कशाला?

कौलारू
पाया खचत होता हे खरं, पण पाडण्यामागे तेवढंच होतं का? ऐन मोक्याची जागा, इमारत बसकी आणि पसरलेली, खोल्या तीनशेच्याही आत. तेवढ्या जागेत उंच इमारत बांधली की कितीतरी जास्त खोल्या. पाया हे कारण सांगायला सोयीचं. आपल्याकडेही "वाळवी लागली" हे कारण रस्त्याकडेच्या गुंठ्याला भाव आल्यावरच आठवतं.

आणि ज्या सतरा मजल्यांसाठी राइटचं हॉटेल गेलं, तेही २०३१ पासून पाडून नवीन बांधणार, असं कंपनीने २०२१ मध्येच जाहीर केलंय. म्हणजे काय कमावलं?

पावसचा_मी
राइटची इमारत ४५ वर्षं टिकली, नवीन साठ वर्षं टिकेल. तुम्ही माझीच बाजू मांडताय, धन्यवाद :)

मुक्काम_डोंबिवली
पाडलं नाही म्हणजे वाचलं, असं समजणाऱ्यांनी काळा घोड्याला जाऊन वॉटसन हॉटेल बघावं. १८६० च्या दशकातलं, बिडाच्या लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणलेला. ७ जुलै १८९६ ला भारतातला पहिला चलच्चित्रांचा खेळ तिथेच झाला. पुढे हॉटेल बंद पडलं, आत गाळे पडले, हायकोर्ट शेजारी म्हणून वकिलांची ऑफिसं आली. मी उमेदवारीच्या काळात तिथल्या एका ऑफिसात फायली पोचवायचो. जिन्यावर कठड्याला हात लावू नको असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. २००५ मध्ये पुढचा काही भाग कोसळला. वारसा यादीत नाव होतंच की. यादीने छप्पर शाकारलं जात नाही.

मालवणी_बाणो
पाडूचा तर पाडा, पण गणपती खय बसवतलास ता आधी सांगा.

आंबेघाटाखाली
लेक नागोयाला असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा मेइजी-मुरा हे जुन्या इमारतींचं खुलं संग्रहालय बघितलं. इंपीरियलचा दर्शनी भाग आणि लॉबी तिथे नेऊन पुन्हा उभी केली आहे. बाहेरचं १९७६ ला झालं, आतलं पूर्ण व्हायला १९८५ उजाडलं. आधी त्याबद्दल लिहिते, मग भांडा.

दारातून शिरताना छत इतकं खाली की आपसूक मान लवते. चार पावलं पुढे गेलं की एकदम तीन मजले उंच मोकळं. खांबांना भाजक्या मातीच्या जाळ्या, आत दिवे. पण माझे डोळे दगडावर. ओया नावाचा, ज्वालामुखीच्या राखेचा मऊ दगड. भोकं भोकं, थेट आपला जांभा, फक्त रंग पांढुरका-हिरवट. मी हात फिरवला तर लेक म्हणाली, "आई, हा कदाचित जुना नसेल." इतका मऊ दगड झिजून गेला होता, म्हणून उभारताना बराच भाग नव्याने घडवला, काही ठिकाणी काँक्रीटही आहे. समोर तळंही आहे. मूळ तळ्याचं पाणी भूकंपानंतरच्या आगीत उपयोगी पडलं होतं. इथे ते फोटोपुरतं.

वरच्या मजल्यावर कॉफी घेतली. छान वाटलं. पण सामान घेऊन कुणी येत नाही, चाव्या कुणी मागत नाही. ओटी जपली, मागचं घर नाही.

कौलारू
ओटी तरी आहे ना! तीही नसती तर तुम्ही हात कशावर फिरवला असता?

अण्णा_खारेपाटण
हॉटेल बंद झालं त्याच्या पुढच्याच महिन्यात, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेचा भूकंप. मी आठ वर्षांचा. आईने आम्हा भावंडांना गोधडीसकट उचलून खळ्यात आणलं. गोठ्याची मातीची भिंत उभी चिरली. घराची चार कौलं खाली आली, बाकी काही नाही. चिरा जागचा हलला नाही. म्हणून पावसकरांना एकच प्रश्न (पावसचे असाल पण पावसकर नसाल तर क्षमस्व): तुमचं जोतं खचलंय का? वासे चुरतात ते बदलता येतात. राइटचं दुखणं पायाचं होतं, तुमचं कुलपाचं दिसतंय.

पावसचा_मी
पावसकर नाही :) जोतं ठणठणीत आहे, मान्य. कुलपाचंही मान्य. पण अण्णा, कुलूप उघडायला माणूस कुठून आणू? सातबाऱ्यावर चौदा नावं, शाकारणीला वर्गणी काढली की नऊ जणांचे फोन लागत नाहीत. पाडायचं म्हटलं की मात्र चौदाही सह्या येतात. मी कंटाळून तिकडे झुकलोय, हे खरं कारण लिहायला नको होतं.

मुक्काम_डोंबिवली
हेच आधी लिहिलं असतं तर आम्ही टोकियोला गेलो नसतो.

आंबेघाटाखाली
काहीही ठरवा, पण आधी घराची मापं काढून ठेवा. प्रत्येक खांबाला, चौकटीला खडूने नंबर घाला आणि फोटो काढा. एकदा भंगारवाला येऊन गेला की माजघराची चौकट कुठल्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात लागली ते कळतही नाही. आमची तशीच गेली.

पावसचा_मी
हे पटलं. रविवारी पुतण्याला घेऊन जातो. पाडण्याबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, हे त्याला कुणी सांगू नका. तीस मीटरचा टेप रत्नागिरीत कुणाकडे असेल तर एक दिवस द्याल का?