बाकी सगळी पोरं लस घेतातच, मग आमची राहिली तर काय बिघडतं?

रानजाई: माझं बाळ सहा महिन्यांचं आहे, गोवराची लस नऊ महिने झाल्यावर देणार. पण जाऊबाईंची मुलगी तीन वर्षांची आणि एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) एकही डोस नाही, त्या म्हणतात बाकीचे घेतातच ना, मग रोग येणार कुठून, उगाच ताप कशाला. सासूबाई म्हणतात गोवर सगळ्यांनाच निघायचा, कडुलिंबाचा पाला ठेवला की बरं व्हायचं. मला उत्तर सुचत नाही पण धास्ती वाटते.

पाढेवाला: हिशोब बघा. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक पेशंट १२ ते १८ जणांना देतो. १५ धरू. १०० पैकी ८० जण सुरक्षित असले तरी त्या १५ मधल्या ३ जणांना होणारच, मग त्या ३ चे ९. सुरक्षित ९५ असले की सरासरी एकालाही होत नाही आणि साखळी तिथेच विझते, यालाच हर्ड इम्युनिटी म्हणतात. जाऊबाईंसारखं दहावीस घरांनी म्हटलं की ९५ चे ८० व्हायला वेळ लागत नाही.

वस्तीतली_ताई: २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीकडे गोवर पसरला तेव्हा आम्ही घरोघरी फिरत होतो. लेकरं दगावली हो. सासूबाईंना बरी झालेली पोरं आठवतात, पण गोवरानंतर न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, त्यात गेलेली पण होती ना. तेव्हा साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस दिला, पुढचे दोन डोस ठरल्या वेळी द्यायचेच. जाऊबाईंच्या मुलीला अजून उशीर झालेला नाही, पाच वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, एक महिन्याच्या अंतराने दोन डोस.

अर्णवची_आई: माझ्या मुलाची केमो चालू आहे. केमोने प्रतिकारशक्ती कमी झालेली आणि गोवराची लस जिवंत विषाणूची, त्याला देताच येत नाही. मी मजल्यावरच्या चारही घरी जाऊन पोरांची लसीकरण कार्डं बघायला मागितली. दुसरा इलाजच नाही माझ्याकडे, ती पोरं सुरक्षित तर माझा सुरक्षित.

रानजाई: जाऊबाईंनी हे दोनदा वाचलं, आता कार्ड शोधतायत. पण मुलीला डोस दिला तर बाळाला काही होईल का? एकाच खोलीत झोपतात.

वस्तीतली_ताई: नाही होत, लसीतला विषाणू दुसऱ्या बाळाला जात नाही. मुलीला साधारण आठवड्याने ताप किंवा थोडं पुरळ येऊ शकतं, दोन तीन दिवसांत उतरतं.